नदीपलीकडच्यांची पोरं आणि आमची

ऑगस्टमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता डॉक्टरांचा फोन आला. नवरा गॅरेजमध्ये होता. त्याने फोन स्पीकरवर टाकला. डॉक्टर स्वादुपिंडाबद्दल बोलले, मग यकृताबद्दल. आम्ही विचारलं, किती. त्यांनी उत्तर महिन्यांत दिलं. फोन ठेवल्यावर नवऱ्याने मला विचारलं, "ड्राफ्ट कधी हाय औंदा?"

"डिसेंबरात," मी म्हटलं.

"मग ठीक हाय," तो म्हणाला.

ड्राफ्ट म्हणजे काय, हे मला लग्नाआधी माहीत नव्हतं. ऑस्ट्रेलियात फूटी खेळतात. लांबुळका चेंडू, लंबवर्तुळाकार मैदान, हात आणि पाय दोन्ही चालतात. वर्ष संपताना एका संध्याकाळी सगळे संघ देशभरातल्या अठरा वर्षांच्या मुलांना आळीपाळीने निवडतात. मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. मुलाला कुठे जायचंय हे कोणी विचारत नाही. नाव पुकारलं की तो त्या संघाचा झाला. मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, की हे तर जुन्या काळच्या लग्नांसारखं झालं. नवरा म्हणाला, "म्हणूनच बघाय मजा येते."

तो कोल्हापूरचा होता. बाहेरच्या माणसांना कोल्हापूर म्हटलं की कुस्ती आठवते, पण तिथल्या पेठांत फुटबॉलवरून जेवढी भांडणं होतात तेवढी कुस्तीवरून होत नसावीत. दुसऱ्या पेठेच्या संघाला पाठिंबा दिला म्हणून सख्ख्या मामाशी दिवाळीपर्यंत न बोललेली माणसं त्याच्या घरात होती. तो मेलबर्नला शिकायला आला, शिकता शिकता एका गोदामात माल चढवू लागला, आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या मुकादमाने त्याला विचारलं, की तू कोणत्या संघाचा? नाव सांगायचं, देश सांगायचा, त्याआधी हे. त्याने मुकादमाचाच संघ घेतला. संध्याकाळी खोलीवर येऊन त्याने ही बातमी आपल्या रूममेटला दिली. रूममेट नागपूरचा. त्याने शांतपणे विचारलं, की या संघाचं सर्वांत जास्त कोणाशी वाकडं आहे? नदीपलीकडच्या संघाशी, असं कळल्यावर तो म्हणाला, "मंग मी त्यांचा." खेळ दोघांपैकी एकालाही येत नव्हता. पुढची बारा वर्षं ते त्यावरून भांडले.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिम टोकाला ट्रुगानिनात घर बांधलं, तेव्हा आजूबाजूला नुसती मोकळी जमीन आणि आखलेले रस्ते होते. गॅरेजमध्ये गाडी कधी गेलीच नाही. तिथे सतरंजी, जुना सोफा आणि टीव्ही गेला. ड्राफ्टच्या संध्याकाळी हा नागपूरचा मित्र शहराच्या उत्तरेकडून तीस किलोमीटर गाडी चालवत यायचा. तो ट्राम चालवतो. येताना स्वतः केलेलं सावजी चिकन आणायचा. नवरा पांढरा रस्सा करायचा. एकमेकांचं जेवण खाण्याच्या लायकीचं नाही, हे आधी पाच मिनिटं सिद्ध व्हायचं, मग दोघं भरपूर जेवायचे.

माझं काम लिहिण्याचं. मी नगरपालिकेच्या वाचनालयात आहे. जुने कॅटलॉग काढून टाकले तेव्हा कार्डांचे गठ्ठे मी घरी आणले होते. एका बाजूला पुस्तकाची नोंद, दुसरी बाजू कोरी. ड्राफ्टमध्ये निवडलेल्या मुलांची माहिती मी त्या कोऱ्या बाजूवर लिहायची. आमच्यांची निळ्या शाईत, नदीपलीकडच्यांची काळ्या. नवरा गुण सांगायचा. किती वेगाने पळतो, किती लांब किक मारतो हे आकडे टीव्हीवर येत, पण त्याला त्यांत रस नव्हता. त्याच्या पेठेत एक म्हातारे प्रशिक्षक होते, ते नव्या पोराला चेंडू न देता आधी मैदानाला चक्कर मारायला सांगत आणि त्याची चाल बघत. नवऱ्याची पद्धत तीच होती. नाव पुकारल्यावर मुलगा खुर्चीतून कसा उठतो, आधी आईला मिठी मारतो की आधी संघाची टोपी घालतो, हे तो बघायचा.

"ह्यो बघ. टोपी आधी. आईकडं बघितलंबी न्हाई. काप दोन गुण. नदीपलीकडं असलीच जायची."

"अबे, आई मागच्या रांगेत बसली होती ना त्याची. का उडी मारून जाईन?"

"मनात असंल तर मारंल."

"अन् तुमचा कसा चालून राहिला, पाह. बदक. ह्याले बॉल टाकाचा का ब्रेडचे तुकडे?"

मला हसू यायचं आणि कार्डावर शाई सांडायची. इथले चाहते सांगतात, की ड्राफ्ट चांगला झाला की वाईट, हे तीन वर्षांशिवाय ठरवू नये. पोरं अठरा वर्षांची असतात, अंगाने भरायची असतात. मित्र हरायला लागला की या नियमाचा आधार घ्यायचा. "तीन वर्षांनं बोलजो, भाऊ," असं म्हणून तो ताट उचलायचा, आणि ती संध्याकाळ संपायची.

त्या वर्षी मार्चमध्ये कोविडमुळे खेळ बंद झाला, मग रिकाम्या मैदानांवर सुरू झाला, मग आमचे सगळे संघ उचलून दुसऱ्या राज्यात, क्वीन्सलंडला नेले. आमच्याकडे जुलैत पुन्हा लॉकडाऊन लागलं. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, रात्री घराबाहेर पडायचं नाही. वाचनालय बंद होतं. मी घरातून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या वाचकांना फोन करायची, तब्येत विचारायची, पुस्तकं हवी असतील तर नोंद घ्यायची. ऑगस्टनंतर माझीही तब्येत कोणी विचारावी असं वाटायचं, पण फोन मी करत होते.

केमोला त्याला एकट्याला आत जावं लागे. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून वाचायची. पान उलटायचं राहून जायचं.

कोल्हापूरला त्याच्या आईवडिलांना सांगितलं, माझ्या बहिणीला सांगितलं, त्याच्या ऑफिसला सांगितलं. मित्राला सांगायचं नाही, असं त्याने मला बजावलं.

"का?" मी विचारलं. "सगळ्यात आधी त्यालाच सांगायला हवं."

"त्याला कळलं की तो माझ्याशी नीट वागाय लागंल," तो म्हणाला. "मला ड्राफ्टपर्यंत कोणीतरी वंगाळ बोलणारं पायजे. तू तर बोलत न्हाईस. एवढं एक माझ्यासाठी कर."

मी हो म्हटलं. लॉकडाऊन होतं तोवर ते सोपं गेलं. दोघं फोनवर भांडायचे. मित्र रिकाम्या ट्रामा शहरभर फिरवत होता, मोसमात त्याचा संघ आमच्यापेक्षा वर होता, आणि तो रोज त्याची आठवण करून द्यायचा. नवरा ऐकून खूश व्हायचा. उलटी झाल्यावर चूळ भरून येऊन पुन्हा फोन घ्यायचा आणि म्हणायचा, "हां, काय म्हणत हुतास तू बेअक्कल?"

नोव्हेंबरात निर्बंध उठले. माणसं एकमेकांच्या घरी जाऊ लागली. तेव्हा अडचण झाली. मित्र घरी आला असता तर त्याने दारातूनच ओळखलं असतं. नवऱ्याचं वजन फार उतरलं होतं. त्याने युक्ती काढली. मित्राला सांगितलं, की बायको कोविडला घाबरते, औंदा ड्राफ्ट व्हिडिओ कॉलवर करू. मला त्याने हे नंतर सांगितलं. घाबरट ठरायला माझी हरकत नव्हती.

ड्राफ्टच्या आठवडाभर आधी, वाचनालयाच्या पार्किंगमध्ये मी डबा खात होते, तेव्हा मित्राचा फोन आला. तो मला सहसा फोन करत नसे.

"वैनी, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा की."

"माह्याकडून काही चुकलं का? काही बोलून गेलो का मी कधी? माही जीभ तुम्हाले माहीत आहे."

मी म्हटलं, तसं काही नाही. त्याचा विश्वास बसला नाही.

"भाऊ म्हणते, वैनी घाबरते. बरोबर आहे, मी दिवसभर ट्राममध्ये माणसं घेऊन फिरतो. पण मी आत नाही येत ना. ड्राइव्हवेत बसतो. खुर्ची माही आणतो. ताट माहं आणतो. तुमच्या घरचा पेलाबी नको. दाराच्या बाहेरून भांडतो, अन् निघून जातो. बारा वर्षांत एकही ड्राफ्ट चुकला नाही, वैनी."

मी डब्याचं झाकण लावलं आणि त्याला सांगितलं. सगळं सांगितलं. मग त्याने विचारलं, "किती?" मी डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं महिन्यांत उत्तर दिलं.

"मला वचन द्या," मी म्हटलं. "तुम्हाला माहीत आहे हे त्याला कळता कामा नये. नेहमीसारखं बोला."

"बोलतो ना," तो म्हणाला. "तुम्ही काळजी नका करू. असा बोलतो, असा बोलतो..." आणि फोन कट झाला.

इथे डिसेंबर म्हणजे उन्हाळा, ड्राफ्टच्या दिवशी उकाडा होता. नवऱ्याने तरीही संघाचा मफलर गळ्याला गुंडाळला आणि टोपी घातली. लॅपटॉप अशा जागी ठेवायला लावला, की उजेड पाठीमागून येईल आणि चेहरा नीट दिसणार नाही. गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, शेजारची मुलं सायकली चालवत होती.

त्या वर्षी ड्राफ्टसाठी सभागृह नव्हतं. मुलं आपापल्या घरी सोफ्यावर बसली होती आणि कॅमेरे त्यांच्या घरात होते. नवऱ्याला हे फार आवडलं. एका घरात कुत्रा मध्ये आला, एका आजीने कोणाचंच नाव पुकारलेलं नसताना टाळ्या वाजवल्या. "दर वर्षी असंच करायला पायजे," तो म्हणाला. "पोराचं घर बघितल्याशिवाय काय कळतंय?" आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या मुलांना त्या वर्षी एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. संघांनी जुनी चित्रणं बघून आणि फोनवर गप्पा मारून माणसं ठरवली होती.

मित्र सुरुवातीला चांगला बोलत होता. जरा मोठ्याने, पाठांतर केलेल्या मुलासारखा, पण चांगला. मग आमच्या संघाची निवड आली. गव्हाच्या पट्ट्यातला शेतकऱ्याचा मुलगा. नाव ऐकून तो इतका गोंधळला की टोपी खाली पडली, आणि त्याने आईला मिठी मारली ती सोडेचना.

"पाचपैकी पाच गुण," नवरा म्हणाला. "लिही. वर एक जादा, टोपी पाडल्याबद्दल."

"अबे, वर्षभर कोणी खेळवलं नाही त्याले," मित्र म्हणाला. "मेंढ्यांच्या मागं पळून राहिला तो."

"पळतोय तर खरं. तुमचं घरात बसून जाडं झालंय."

"हो हो, मोठा आला. तीन वर्षांनं—"

तो थांबला.

लॅपटॉपमधून पंख्याचा आवाज येत होता, त्याच्या खोलीतल्या. मग तो हळू म्हणाला, "चांगला आहे पोरगा. चांगला घेतला तुम्ही."

बारा वर्षांत त्याने आमच्या एकाही मुलाला चांगलं म्हटलं नव्हतं. नवऱ्याने पडद्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून कार्डावर त्या मुलाची उंची लिहिली, आणि थोड्या वेळाने पाहिलं तर ती दोनदा लिहिली होती.

पुढे नदीपलीकडच्यांची पाळी आली. त्यांनी एक अतिशय उंच, काटकुळा मुलगा घेतला. तो सोफ्यावरून उठला आणि त्याचं डोकं छताच्या दिव्याला लागलं. दिवा झुलत राहिला. एरवी या एका दिव्यावर नवऱ्याने अर्धा तास काढला असता.

"काय पोरगं घेतलंय भावा," तो म्हणाला. "हिरा हाय हिरा."

"अं?" मित्र म्हणाला.

"दिवा लागला डोक्याला, पापणी हलली का? असला धीर लागतो. दहा वर्षं राज्य करंल. तुमच्या निवड करणाऱ्यांचे पाय धुवून पाणी प्यायला पायजे."

"हो. चांगला आहे."

"चांगला? अरे लई भारी! आमच्याकडं असलं एक न्हाई. आमची सगळी बदकं. तू बरोबर म्हणत हुतास एवढी वर्षं."

"भाऊ, असं काही नाही..."

"चाल बघ त्याची. हरणासारखी."

"अबे चूप!" मित्र ओरडला. इतक्या जोरात, की बाहेरची सायकलवाली मुलं थांबून आत बघू लागली. "डोळे फुटले का तुहे? बगळा आहे तो, बगळा! पहिल्या मॅचले दोन तुकडे होतीन त्याचे! तुले फूटीतलं काही समजत नाही, पहिलेपासून नाही समजत!"

"न्हाई न्हाई, हिरा."

"दगड आहे! आमचा दगड, तुमचा हिरा!"

"तीन वर्षांनी कळंल तुला," नवरा म्हणाला. "तुला कळंल."

मित्राचा कॅमेरा बंद झाला. दोन निवडी झाल्यावर तो परत आला आणि म्हणाला, नेट गेलं होतं. त्यानंतर शेवटच्या नावापर्यंत ते भांडत राहिले, दोघंही उलट्या बाजूने. नवरा त्यांची स्तुती करायचा, मित्र आमची. आपलं पोरगं जास्त टाकाऊ आहे हे दोघांनाही सिद्ध करायचं होतं. मी सगळं लिहून घेतलं. काळ्या शाईतल्या मुलांना पुरे गुण मिळाले असं ते एकच वर्ष.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना तो म्हणाला, "तू सांगायला नको हुतंस."

"त्याला वाटत होतं, की मी त्याला घरात घेत नाहीये," मी म्हटलं. "फार लागलं होतं त्याला."

"लागू दे की. तुझ्यावर रागावला असता. चार महिने रागावला असता. मी गेल्यावर कळलंच असतं त्याला." त्याने कप खाली ठेवला. "एवढं एकच मागितलं हुतं मी."

पुन्हा आम्ही त्याबद्दल बोललो नाही. तो रागावलेला नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी मित्र आला. ड्राइव्हवेत स्वतःची खुर्ची मांडून बसला. सावजी करणारा माणूस मुगाची खिचडी घेऊन आला होता. नवऱ्याने दोन चमचे खाल्ले आणि विचारलं, यात तिखट कुठंय. मित्र म्हणाला, डॉक्टर नको म्हणत असतील ना. त्यानंतर तो दर रविवारी यायचा, नवऱ्याचे पाय चेपून द्यायचा, औषधांच्या वेळा लक्षात ठेवायचा. दोघं हवेबद्दल बोलायचे, रस्त्याच्या कामाबद्दल बोलायचे. फूटीचा विषय निघाला की मित्र सगळ्याला हो म्हणायचा. नवऱ्याने एक-दोनदा त्याच्या संघाला डिवचून पाहिलं. मग सोडून दिलं. मित्र निघून गेल्यावर तो डोळे मिटून पडून राहायचा. तो दमलेला असायचा हे खरं. पण त्याला कंटाळा आलेला असायचा, आणि तो कंटाळा माझ्यामुळे होता.

तो फेब्रुवारीत गेला. मोजकी माणसं आली. त्याचे आईवडील फोनच्या पडद्यावर होते. फोन मित्राने धरला होता.

मी कामावर परत गेले. वाचनालय उघडलं, मग बंद झालं, मग पुन्हा उघडलं. लोक विचारायचे तेव्हा मी ठीक आहे म्हणायची. गॅरेजचं शटर मी बरेच दिवस उचललं नाही.

पुढच्या ड्राफ्टला मी दिवाणखान्यात टीव्ही लावून बसले. का लावला, मला सांगता येणार नाही. पहिली काही नावं झाली आणि मित्राचा फोन आला.

"बघून राहिल्या का, वैनी?"

"बघतेय."

आमची निवड आली. तो म्हणाला, छान आहे मुलगा. मग त्यांची निवड आली. मुलाखतकाराने मुलाला आवडत्या सामन्याबद्दल विचारलं आणि मुलगा वर छताकडे बघत काहीतरी बोलला. माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडे काही लोक पुस्तक परत करताना असंच छताकडे बघतात. त्यांनी ते उघडलेलं नसतं."

पलीकडे त्याने टीव्हीचा आवाज बंद केला.

"वैनी," तो म्हणाला, "हे तुम्ही म्हणून राहिल्या?"

"मीच. आणि मान बघा त्याची. या मानेवर टोपी बसली हेच नवल."

"अस्सं." त्याचा आवाज बदलला. "मंग ऐका आता. तुमचा जो घेतला ना आत्ता, मी म्हटलं छान आहे, ते तोंडदेखलं म्हटलं. त्याच्या आईपेक्षा त्याचे केस जास्त विंचरलेले आहेत. तो मैदानात खेळाले जाईन का फोटो काढाले?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा विचित्र आलं.

गव्हाच्या पट्ट्यातला तो मुलगा दोन मोसम खेळला. मग त्याचा गुडघा गेला. तो आता सुतारकाम शिकतो, असं मी कुठेतरी वाचलं. दिव्याला डोकं लागलेला अजून खेळतो, आणि चांगला खेळतो.

मी सांगायला नको होतं का, यावर मी अनेकदा विचार केला आहे. मी पार्किंगमध्ये डबा खात असताना त्याने फोनवर पुन्हा तेच विचारलं, तर मी काय करीन, हे मला आजही ठाऊक नाही. कधी वाटतं, पुन्हा सांगेन. कधी वाटतं, डब्याचं झाकण लावून गप्प बसेन आणि त्याला माझ्यावर रागावू देईन.

वर्षातून एका संध्याकाळी मित्र मला फोन करतो. आम्ही तासभर, एकमेकांना अहो-जाहो करत, भांडतो. मला ते त्या दोघांइतकं जमत नाही. तेवढं उरलं आहे.